गुटगुटीत अक्षराची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या दुपारच्या कार्यक्रमात आम्ही मैत्रिणींनी मिळून केलेलं भाषण. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)

जेवणं आटोपली असतील, भांडी निथळत असतील, आता घटकाभर बसा. आज आम्ही एका अशा गोष्टीबद्दल बोलणार आहोत जी रेडिओवर दिसत नाही. अक्षराबद्दल. म्हणून आधी एक करा. फळीवरचा बिस्किटाचा पुडा, शेवयांचं पाकीट, मुलाच्या चित्रांच्या पुस्तकाचं कव्हर, जे हाताला लागेल ते घ्या. त्यावरचं सगळ्यात मोठं नाव बघा. जाडजूड, कडा गोल केलेल्या, कुठे टोक नाही, बोट फिरवलं तर टोचणार नाही असं अक्षर दिसलं ना? त्याच गुटगुटीत अक्षराची आज गोष्ट.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो एका फजितीतून. आमचा बचत गट पापड, कुरडया, सांडगे करतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की साध्या पिशवीवर चिठ्ठी चिकटवायची नाही, छापील लेबल करायचं. मजकूर मोबाइलवर लिहिला, एका छापखान्यात पाठवला आणि सांगितलं, नाव चांगलं जाड, गोल, लांबून दिसेल असं करा. दोन हजार लेबलं छापून आली. रंग छान, कागद छान. पण 'स्वादिष्ट' या शब्दातला 'ष्ट' तुटलेला. 'ष' वेगळा, त्याच्या पायात हलन्त आणि 'ट' बाजूला एकटाच उभा. 'कुरडया'मधला उकार खालच्या ओळीत बुडालेला, त्यामुळे वाचायला मिळत होतं 'करडया'. आणि 'पापड'मधल्या 'प'चं पोट शाईनं भरून त्याचा नुसता काळा ठिपका झालेला.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण खरं लागलं ते वेगळंच. आमच्या गटात एक काकू आहेत. पन्नाशीनंतर साक्षरतेच्या वर्गात बसून वाचायला शिकल्या. एसटीची पाटी वाचतात, औषधाचं नाव वाचतात, अक्षर लावत लावत. त्यांनी लेबल हातात घेतलं, 'स्वादि'पर्यंत आल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. मग लेबल खाली ठेवून म्हणाल्या, "मलाच लागेना बाई. विसरले वाटतं."

त्या विसरल्या नव्हत्या. चूक छापण्यातली होती. पण नव्यानं वाचायला शिकलेल्या बाईला छापलेलं चुकलं असेल असं वाटतच नाही, आपलंच चुकलं असं वाटतं. त्या दिवसापासून आम्ही या अक्षराच्या मागे लागलो. हे जाड गोल अक्षर आलं कुठून? इंग्रजीत ते इतकं सहज कसं बसतं आणि आपल्या मराठीत त्याचं असं का होतं?

तर गोष्ट सुरू होते दोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडात. त्याआधी छापण्याचा टाइप मुख्यतः पुस्तकासाठी असायचा. पुस्तक हातात धरून, जवळून, निवांत वाचायचं. तिथे अक्षर बारीक आणि शांत लागतं. मग कारखाने आले, दुकानं वाढली, सोडतीची तिकिटं, नाटकं, नवा साबण, नवं औषध, सगळ्यांना भिंतीवर जाहिरात लावावीशी वाटू लागली. रस्त्यानं चालणारा माणूस थांबत नाही, त्याला हाक मारावी लागते. तेव्हा लंडनच्या टाइप ओतणाऱ्यांनी पुस्तकी अक्षरंच फुगवून जाडजूड केली. पण शिशाचा मोठा टाइप जड आणि महाग. म्हणून १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडाचे मोठे टाइप यंत्रानं झपाट्यानं कोरायची युक्ती काढली. भिंतीवरच्या जाहिराती मग वीतभर अक्षरात बोलू लागल्या. जाड अक्षर जन्माला आलं ते असं, बाजारात, हाक मारायला.

पण ही हाक जरा खेकसल्यासारखी होती. टोकं तीक्ष्ण, कोपरे धारदार. तिला गोडवा आणला तो शिकागोच्या एका माणसानं. त्यांचं नाव ऑस्वाल्ड कूपर. जन्म १८७९ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. चित्रकला शिकायला शिकागोला आले आणि तिथे फ्रेडरिक गौडी या नामवंत अक्षरकाराकडे अक्षरं काढायला शिकले. पुढे भागीदारीत जाहिरातींची कामं करू लागले. त्यांच्या हातची अक्षरं लोकांना आवडली, म्हणून तिथल्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप ओतणाऱ्या कंपनीनं त्यांच्याकडून टाइप काढून घेतला. १९२२ मध्ये त्यातला सगळ्यात जाड प्रकार आला, त्याचं नाव 'कूपर ब्लॅक'.

हे अक्षर तुम्ही नक्की पाहिलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. टोकं बोथट आणि गोल. तळ किंचित फुगलेला, उशीवर बसल्यासारखा. त्यातला 'ओ' तर सरळ उभाच नाही. जेवण झाल्यावर तक्क्याला रेलून बसलेल्या माणसासारखा मागे कललेला. पोटातली पोकळी लहानशी. सगळं अंग भरलेलं, तरी धाक वाटत नाही.

तेव्हाच्या जुन्या वळणाच्या मुद्रकांना ते मुळीच आवडलं नाही. पान काळंकुट्ट करणारं हे काय संकट, असं कोणी कोणी म्हणत. कूपर स्वतः थट्टेखोर. ते म्हणायचे की दूरदृष्टीच्या मुद्रकांनी जवळचंच दिसणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी हे वापरावं. थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा बरोबर होता. ज्याला लांबचं नीट दिसत नाही त्यालाही हे दिसतं. टाइप भराभर खपला. इतका की दुसऱ्या कंपन्यांनी त्याच्यासारखे टाइप काढले आणि खुद्द त्यांचे गुरू गौडी यांनीही १९२५ मध्ये एक जाड टाइप काढून दिला.

कूपर १९४० मध्ये गेले, त्यांचं अक्षर मात्र चालत राहिलं. १९६६ मध्ये 'बीच बॉइज' या अमेरिकन गायकांच्या 'पेट साउंड्स' या तबकडीच्या कव्हरवर ते आलं. सत्तरच्या दशकात बनियनवर इस्त्रीनं चिकटवायची अक्षरं निघाली, त्यात ते होतं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'ईझीजेट' या स्वस्त विमान कंपनीनं विमानांवर तेच नाव रंगवलं. विमानात बसायची धास्ती वाटणाऱ्या माणसाला हे अक्षर जणू सांगतं, ये, काही अवघड नाही. गोळ्या-चॉकलेटं, खेळणी, मुलांचे कपडे, खाऊ, जिथे जिथे गिऱ्हाइकाला जवळ बोलवायचं तिथे तिथे जाड गोल अक्षर आलं.

आता तुम्ही विचाराल, गोल अक्षरात मायाळू काय असतं? अक्षर ते अक्षर. तर एक खेळ करा. कागदावर दोन आकृत्या काढा. एक ढगासारखी वाटोळी, दुसरी फुटलेल्या काचेसारखी टोकदार. मग घरच्यांना विचारा, यातली 'बूबा' कोणती आणि 'कीकी' कोणती? या शब्दांना अर्थ काहीच नाही. तरी बहुतेक जण वाटोळीला 'बूबा' म्हणतात. असा प्रयोग पहिल्यांदा १९२९ मध्ये कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी वेगळे शब्द घेऊन केला होता. पुढे रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी २००१ मध्ये 'बूबा' आणि 'कीकी'बद्दल लिहिलं. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आणि आपल्याकडच्या तमिळ बोलणाऱ्यांनी सारखंच उत्तर दिलं. म्हणजे डोळ्याला दिसणारा गोलपणा आणि कानाला, जिभेला जाणवणारा मऊपणा यांचं कुठेतरी नातं आहे. आपल्याला ते नवीन नाही. लाडू, मोदक, गोलमटोल, गुबगुबीत हे शब्द म्हणताना तोंडसुद्धा भरल्यासारखं होतं.

मग मराठीत हे अक्षर इतकं उशिरा का बसलं? याचं उत्तर आपल्या लिपीत आहे.

इंग्रजीत सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस लहान, अंक आणि विरामचिन्हं. शंभराच्या आसपास नगांत काम भागतं. अक्षरं एकापुढे एक, ओळीत उभी. आपलं तसं नाही. आपलं अक्षर म्हणजे माळ्याचं घर. मधल्या मजल्यावर अक्षर, माळ्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली तळघरात उकार, हलन्त. 'सर्वांचं' हा शब्द लिहून बघा, 'वां'च्या डोक्यावर काना सोडून आणखी किती गर्दी आहे ती. त्यात जोडाक्षरं. 'क्ष्म', 'ष्ट्र', 'द्ध्य'. शिशाचे खिळे होते तेव्हा मराठीच्या जुळाऱ्याला शेकडो वेगवेगळे खिळे हाताशी ठेवावे लागत. इंग्रजीचा जुळारी एका जागी उभा राहून काम करी, मराठीच्याला खणांपुढे हात लांबवत फिरावं लागे.

तरी आपल्याकडच्या लोकांनी जिद्दीनं ते काम केलं. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं, ते शिळेवर लिहून, म्हणजे शिळाछापावर. शिळाछापावर हातानं काढलेलं अक्षर जसंच्या तसं उमटतं, खिळ्यांची भानगड नाही. पुढे जावजी दादाजी आले. १८३९ चा जन्म, घरची गरिबी, लहान वयात छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागलेले. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना. निर्णयसागरचं देवनागरी इतकं सुबक की मराठीच काय, संस्कृतचे पंडितही ते डोळ्यांपुढे धरून वाचत. आपल्या आजीच्या पोथ्यांत, पंचांगांत तेच वळण असायचं.

निर्णयसागरच्या काळीही ठळक टाइप होते, नाही असं नाही. पण त्यांचं काम मथळ्यापुरतं आणि वळण पुस्तकाचंच. देवनागरी अक्षर जाड करायला घेतलं की अडचण सुरू होते. 'क' बघा. मध्ये दांडी, दोन्हीकडे पोटं. 'ज्ञ', 'क्ष', 'ण' बघा. रेघ जाड केली की ती आत सरकते आणि पोकळी बुजते. बाहेर सरकवावी तर शेजारच्या अक्षराला धडकते. वर सरकवावी तर मात्रेला, खाली सरकवावी तर उकाराला. शिवाय डोक्यावर आडवी शिरोरेघ, तीही जाड झाली की शब्दावर तुळई ठेवल्यासारखी दिसते. इंग्रजी 'ओ' फुगवला की फुगतो. आपला 'ख्यै' फुगवायचा तर आधी सगळ्यांच्या जागा नव्यानं ठरवाव्या लागतात.

मग मराठीची मोठी अक्षरं कोणी काढली? गावोगावच्या पेंटरांनी. किराणा दुकानाची पाटी, पिठाच्या गिरणीचा बोर्ड, ट्रकच्या मागचं नाव, तमाशाचा आणि सिनेमाचा फलक, निवडणुकीची भिंत. पेंटरला खिळ्यांचा हिशोब नव्हता. जागा बघायची, खडूनं रेघा मारायच्या, उकार बसत नसेल तर अक्षर जरा वर घ्यायचं, मात्रा शेजारच्या अक्षरावर लववायची. आमच्या बाजारपेठेत अजून एका जुन्या डेअरीची पाटी आहे. 'दूध' या शब्दाचा दीर्घ उकार पेंटरकाकांनी असा वळवलाय की 'ध' त्याच्या कुशीत बसलाय. मराठीचं गुटगुटीत अक्षर फार वर्षं असं ब्रशच्या टोकावर जगलं. पण ते एका भिंतीपुरतं. छापायला, पाकिटावर घालायला, दुसऱ्या गावी पाठवायला ते मिळत नव्हतं. त्यामुळे छापील मालावर काय व्हायचं, तर इंग्रजी नाव जाड आणि गोंडस, आणि त्याखाली मराठी नाव बारीक, किडकिडीत, उपऱ्यासारखं.

संगणक आल्यावर सुटका झाली असं वाटलं. नव्वदीच्या दशकात छापखान्यांत मराठी अक्षरांची पॅकेजं आली. त्यांत नाना तऱ्हेची अक्षरं होती, जाडही, गोलही. मोठं काम झालं त्यानं, मराठी छपाई त्यावरच चालली. पण प्रत्येक पॅकेजची आतली भाषा वेगळी. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसायचा. त्यावरचा इलाज म्हणजे युनिकोड, जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. मुंबईचे थोर अक्षरकार र. कृ. जोशी यांनी युनिकोडसाठी 'मंगल' हा फॉन्ट केला आणि विंडोज २००० पासून तो घरोघरच्या संगणकात आला. आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोडच. आमच्या लेबलाचं नेमकं इथेच बिनसलं. मजकूर एका पद्धतीचा, छापणाऱ्याकडचा जाड फॉन्ट दुसऱ्या पद्धतीचा, आणि मधल्या बदलात जोडाक्षराचा सांधा निखळला.

आता गोष्टीचा गोड भाग. मुंबईत 'एक टाइप' नावाचा अक्षरं बनवणाऱ्यांचा गट आहे. सारंग कुलकर्णी, नूपुर दाते, गिरीश दळवी आणि त्यांचे सहकारी. गेल्या दहा-बारा वर्षांत या लोकांनी दोन फॉन्ट काढले, त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही.

पहिल्याचं नाव 'मोदक'. नावातच सगळं आलं. आधी कागदावर हातानं काढलेली गंमतीची अक्षरं, मग त्यातून बनलेला हा फॉन्ट. देवनागरी अक्षर किती फुगवता येईल, तेवढं फुगवलेलं. देवनागरी भाग सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केला, इंग्रजी भाग सारंग कुलकर्णी आणि नूपुर दाते यांनी, आणि तांत्रिक बाजू गिरीश दळवी यांनी सांभाळली. मघाशी आम्ही म्हटलं ना, जाड केलं की पोकळी बुजते? यांनी पोकळी बुजू दिली नाही, पण मोठीही ठेवली नाही. पिठाच्या गोळ्यात सुरीनं बारीक चीर द्यावी तशी प्रत्येक अक्षराच्या पोटात एक गुळगुळीत फट ठेवली, आणि सगळ्या अक्षरांत ती सारख्या रुंदीची. 'क' असो की 'ज्ञ', चीर तेवढीच. मोदकाच्या कळ्या सारख्या पाडायला हात किती बसावा लागतो हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरा फॉन्ट 'बालू', २०१६ चा. मोगलीच्या गोष्टीतल्या अस्वलाचं नाव. जाड, टोकं गोल केलेली, पण मोदकापेक्षा अंगानं हलका आणि वाचायला मोकळा. याची खरी गंमत अशी की हा एका लिपीपुरता थांबला नाही. देवनागरीचा तो 'बालू', गुजरातीचा 'बालू भाई', बंगालीचा 'बालू दा', पंजाबीचा 'बालू पाजी', तमिळचा 'बालू तंबी', तेलुगूचा 'बालू तम्मुडु', कन्नडचा 'बालू तम्मा', मल्याळमचा 'बालू चेट्टन', ओडियाचा 'बालू भाईना' आणि उर्दूचा 'बालू भाईजान'. प्रत्येक नावात भाऊ, कुठे थोरला, कुठे धाकटा. इतक्या लिप्यांची अक्षरं एका घरातली वाटावीत अशी. पुढे २०१९ मध्ये 'बालू २' आला, त्यात साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजनं आहेत.

तुम्ही म्हणाल, इतके भाऊ, बहीण एकही नाही? नावांत नाही खरी. पण बनवणाऱ्यांची नावं बघा, त्यांत बहिणी आहेत आणि त्यांची नावं उघड लिहिलेली आहेत. हे पूर्वी होत नसे. इंग्लंडात सॅलफर्ड्स या गावी मोनोटाइप कंपनीचा मोठा कारखाना होता. तिथे टाइपची मोठी, मोजूनमापून रेखाटनं करणाऱ्या विभागात विसाव्या शतकात बहुतेक बायकाच काम करत. त्यांच्या हातून गेलेली अक्षरं जगभर छापली गेली, नाव मात्र दुसऱ्या कोणाचं. पुढे १९७८ ते १९८९ या काळात लायनोटाइप कंपनीच्या इंग्लंडातल्या शाखेत आपल्याकडच्या लिप्यांचं काम फिओना रॉस या बाईंनी पाहिलं. आज देवनागरीच्या फॉन्टखाली मैथिली आणि नूपुर ही नावं आपण सरळ वाचतो. पापडाच्या पाकिटावर करणारीचं नाव का हवं, असं आम्हाला कोणी विचारलं तर आम्ही आता हेच सांगतो.

हे दोन्ही फॉन्ट फुकट आहेत. त्यांचा परवाना खुला आहे. विकायच्या मालावर वापरले तरी चालतात, कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. फक्त तो फॉन्टच वेगळा विकायचा नाही. बचत गटाला याहून काय पाहिजे?

पण मैत्रिणींनो, फुकट मिळालं म्हणून सगळीकडे फासायचं नाही. आम्ही नव्या लेबलाच्या वेळी हाच मोह केला होता. नाव जाड, पत्ता जाड, घटक जाड, किंमत जाड. लेबल बघितल्यावर सगळ्या एकदम बोलत असल्यासारखं वाटलं, कोणाचंच कळेना. जाड गोल अक्षर हाक मारायला असतं. एक शब्द, दोन शब्द, फार तर चार. घटक काय, कधी केलं, कधीपर्यंत चालेल, तिखट किती, हे गिऱ्हाईक हातात घेऊन, जवळून वाचतं. तिथे साधं, मोकळं अक्षरच लागतं, आणि त्या ओळी नीट वाचता आल्याच पाहिजेत असं कायदाही सांगतो. तसंच कुठे हाक मारू नये हेही असतं. दहाव्याच्या पत्रिकेला, दवाखान्यातल्या सूचनेला, विजेच्या डब्यावरच्या 'धोका' या शब्दाला हे लाडिक अक्षर शोभत नाही. धोका गुबगुबीत दिसला तर लेकरू हात लावेल.

आणि पाटीचं म्हणाल तर आपल्या राज्यानं २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल केला. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवीच आणि तिचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. चांगलं झालं. पण बाजारातून जाताना जरा निरखून बघा. उंची सारखी असते, आणि तरी मराठी नाव दबलेलं दिसतं. का? कारण इंग्रजी अक्षर जाडजूड आणि मराठी काडीसारखं. पट्टीनं मोजलं तर बरोबर, डोळ्यानं पाहिलं तर कमी. कायद्यानं उंची दिली, वजन आपण द्यायचं. ते द्यायला आता अक्षरं आहेत.

शेवटी कामाची गोष्ट. लेबल, पाटी, पत्रिका, काहीही छापायला द्याल तेव्हा आधी एकच नमुना मागा आणि त्यात हे शब्द त्याच जाड अक्षरात लिहून घ्या: लक्ष्मी, स्वादिष्ट, कुरडया, कऱ्हाड, सर्वांचं, शुद्ध, ज्ञान. 'क्ष्म' आणि 'ष्ट' जोडलेले आहेत का? 'कऱ्हाड'चा 'ऱ्ह' धड आला का? उकार खालच्या ओळीला लागतो का? अनुस्वार रफाराच्या शेजारी वेगळा दिसतो का? आणि 'ल' नि 'श' आपल्या वळणाचे आहेत का? २००९ मध्ये शासनानं मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला आहे, कारण हिंदी वळणाचे वेगळे असतात. मग तो नमुना दोन हात लांब धरा. मग चार हात. पोटं बुजत नसतील तर छापायला सांगा. ओळींमध्ये जागा जरा जास्तच सोडायला सांगा, आपल्या लिपीला माळा आहे आणि तळघरही आहे.

आम्ही नव्या लेबलाचा नमुना आधी कोणाकडे दिला असेल? काकूंकडे. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवलं आणि वाचलं, "स्वा-दि-ष्ट कु-र-ड-या." मग खालची घटकांची ओळ वाचायला लागल्या आणि थांबल्या. या वेळी मात्र म्हणाल्या, "हे बारीक आहे गं. मला नाही दिसत, तर अजून कितीजणींना दिसत नसेल. मोठं करा." आम्ही ते मोठं केलं. छापायला दिलं. पुढच्या आठवड्यात पाकिटं बाजारात येतील, दिसली तर वाचा. आणि वाचताना कुठे अडलात तर मनात आणू नका की आपलंच चुकलं. आम्हाला येऊन सांगा.